काचभर चित्र

तुम्ही आर्लीन टेस्केला लबाड ठरवलंत. तिचं तोंड न बघता, तिच्याशी एक शब्द न बोलता, जिथे उभी राहून ती खेळली त्या फरशीवर पाय न ठेवता. तुमच्या वेबसाइटवरच्या राज्याच्या विक्रमांच्या यादीत तिच्या नावापुढे लाल अक्षरांत लिहिलंत, "चित्राच्या आकारात फेरफार. गुण अमान्य." आणि मोकळे झालात.

फेरफार मी केला. मी, डेल क्रामाश. लेक ऑर्डन गावातल्या टिमरमन बोलिंग हॉलमध्ये पिना उभ्या करणाऱ्या यंत्रापासून कॉफीच्या मशीनपर्यंत जे जे बिघडतं ते मी दुरुस्त करतो, आणि कोपऱ्यातला नाणं टाकून खेळायचा तो जुना व्हिडिओ गेमसुद्धा. त्याच्या पोटात हात घालून चित्र लहान केलं ते या हाताने. मला विचारलंत? नाही विचारलंत. म्हणून आता न विचारता सांगतो. शाळेत निबंधाला मला कधी धड मार्क पडले नाहीत, तेव्हा गोड भाषा मिळणार नाही. पण शेवटपर्यंत वाचा. तेवढं तरी तुम्ही तिचं देणं लागता.

आर्लीन म्हणजे आमच्या गावची पिवळी शाळेची बस. गावातली निम्मी माणसं लहानपणी तिच्या बसमध्ये बसून शाळेत गेलीत, माझी दोन्ही पोरंही. जानेवारीत इथे बर्फ पडला की रस्ता कुठला आणि चर कुठला ते कळत नाही. त्या बर्फातून ती पोरं नेऊन सोडायची आणि आणून सोडायची, आणि वर एखाद्याचा एक हातमोजा बसमध्ये राहिला तर घरी फोन करायची. सकाळची फेरी झाली की दुपारच्या फेरीपर्यंत वेळ मोकळा. त्या वेळात ती टिमरमनकडे यायची, कॉफी घ्यायची आणि 'पोलर रन'समोर उभी राहायची.

गेम नवा होता तेव्हा त्याच्यापुढे पोरांची रांग असायची. ही तेव्हा पंचविशीची. पोरं चिडवायची, "मावशी, बस सुटेल तुमची!"

"माझ्याशिवाय सुटून दाखव म्हणावं तिला," असं म्हणून ही दुसरं नाणं आत टाकायची.

पोरं गेली, रांग गेली, शेजारचे बाकीचे गेम भंगारात गेले. 'पोलर रन' राहिला, कारण आर्लीन राहिली. काळी काच, त्यावर पांढऱ्या रेघा. मधोमध एक जहाज आणि चहूबाजूंनी अंगावर येणारे हिमखंड. फोडत राहायचं. एवढाच खेळ.

मग डोळे. काचबिंदू. त्यात मधली नजर शाबूत राहते आणि कडेची आधी जाते, म्हणजे नळीतून बघितल्यासारखं होतं. एके दिवशी थांब्यावर एका पोराची लाल टोपी तिला बाजूने येताना दिसली नाही. एकदम समोर आल्यावर दिसली. ब्रेक लागला, कोणाला काही झालं नाही, पोराला तर कळलंही नाही. ती तशीच फेरी पुरी करून शाळेच्या कचेरीत गेली आणि किल्ल्या टेबलावर ठेवल्या. तिथला माणूस म्हणाला, "अगं, झालं तर काहीच नाही." ती म्हणाली, "झालं नाही म्हणूनच देते. झाल्यावर देऊन काय करू?"

अशा बाईला तुम्ही लबाड म्हणालात.

बस सुटली तशी ती टिमरमनकडे जास्त यायला लागली, पण गेममध्ये लवकर मरायला लागली. मी बोलिंगच्या सहाव्या पट्टीवर वाकलो होतो तेव्हा येऊन उभी राहिली.

"डेल, वरच्या कोपऱ्यातला बर्फ मला दिसतच नाही रे. आपटल्यावर कळतं."

"मग मान फिरव की."

"इकडे फिरवली की तिकडचा आपटतो. घुबडाची मान आणून दे, मग फिरवते."

"जरा मागे सरकून उभी राहा."

"आणि बटणं कोण दाबणार, तू? हात बघ माझे!"

तिचे हात आखूड, उंचीही बेतास बात. मागे सरकली की बटणं सुटतात. माझ्या डोक्यात आलं, बाईला मागे सरकता येत नाही, तर चित्र मागे सरकवू.

आता तुम्ही म्हणाल हाच तो फेरफार. थांबा. तुम्हाला हे यंत्र कळतं की नाही याची मला शंका आहे, म्हणून सांगतो.

घरातला जुना टीव्ही काच वरपासून खालपर्यंत रंगवून काढतो. त्याचं चित्र काचेला भिडलेलंच असतं. या गेमचं तसं नाही. यात किरण पेन्सिलीसारखा फिरतो, जिथे रेघ हवी तिथेच रेघ काढतो, बाकी काच काळी ती काळी. या चित्राला स्वतःची कड नाही. आत सर्किटच्या पाटीवर छोटे पेच असतात. एक रुंदीचा, एक उंचीचा, आणि चित्र इकडेतिकडे सरकवायचे आणखी दोन. फिरवले की चित्र पसरतं किंवा आक्रसतं. किरण जितका लांब ढकलावा लागतो तितके आतले ट्रान्झिस्टर तापतात. म्हणून ज्याने ही यंत्रं हाताळलीत तो काचेच्या कडेपासून बोटभर मोकळी जागा सोडतो. चित्र कडेला भिडवणारा माणूस एक तर नवशिका असतो, नाही तर यंत्र दुसऱ्याचं असतं.

आणखी एक. पेच मागच्या दारातून आत, आणि चित्र पुढे. एकट्या माणसाला दोन्ही जमत नाही. काही जण समोर आरसा टेकवतात. आमच्याकडे एकजण समोर उभा राहून बोलतो आणि दुसरा मागून फिरवतो. समोरचा "अजून" म्हणाला की फिरवायचं, "बस्स" म्हणाला की हात काढायचा. आणि आमच्या धंद्यात जुना रिवाज आहे. काही जळलं तर दोष समोरच्याचा. मागच्याला दिसतच नाही, तो काय करणार? मला हे ज्या म्हाताऱ्या मेकॅनिकने शिकवलं त्याने शिव्या देत शिकवलं, पण शिकवलं.

त्या दिवशी मी मागे बसलो, आर्लीन पुढे, जिथून खेळते तिथेच, हनुवटी सरळ ठेवून.

"अजून. अजून. डावीकडचं दिसतंय, वरचं नाही. अजून थोडं."

"बारीक होईल गं सगळं."

"बारीक होऊ दे. अरे, झगझगीत झालं की!"

होतंच तसं. तेवढ्याच वेळात रेघ आखूड काढायची म्हणजे किरण सावकाश फिरतो आणि रेघ उजळते. मी आतल्या आत उजेड थोडा उतरवला, नाही तर काच भाजते.

"बस्स," ती म्हणाली. मी मागून डोकं काढून बघितलं तर ती तशीच उभी होती. "चारी कोपरे दिसतायत डेल," म्हणाली. "एकदम चारी."

हा आमचा गुन्हा.

त्यानंतर ती आठवड्याआठवड्याने सुधारत गेली, आणि लेंटमधल्या, म्हणजे ईस्टरआधीच्या उपवासाच्या दिवसांतल्या, एका शुक्रवारी दुपारी, टिमरमनकडे संध्याकाळच्या माशांच्या जेवणासाठी तेल नुकतं तापत असताना, तिने राज्याच्या यादीतल्या पहिल्या नावाला मागे टाकलं. डॉनाने, म्हणजे टिमरमनच्या मालकिणीने, सुरुवातीपासून फोनवर चित्रीकरण केलं, तुमच्या नियमात लिहिलंय तसंच. खेळणारी दिसते, हात दिसतात, काच दिसते. शेवटी गुण दिसतात. त्या संध्याकाळी पर्च मासा, राय धान्याचा पाव आणि कोबीची कोशिंबीर खाणाऱ्या प्रत्येक माणसाने तिच्या टेबलापाशी येऊन तिच्या पाठीवर थाप मारली. तिच्या बसमधून शाळेत गेलेला एक टक्कल पडलेला माणूस म्हणाला, "आर्लीन, बसमध्ये आम्हाला गप्प बसवायचीस, आता तू आवाज कर." तिने ब्रँडीचा पेला टेबलावर आपटला. तेवढाच आवाज.

आणि मग तुमची लाल अक्षरं आली.

डॉनाने तुम्हाला फोनावर फोन केले. खूप डोकं खाल्लं तेव्हा तुम्ही मिल्वॉकीहून एक माणूस पाठवलात, ग्लेन हॉफर. त्याच्याबद्दल माझी तक्रार नाही. ताडमाड उंच, स्वतः खेळणारा, तुमच्या यादीत तिसरा. आला, टोपी काढली, आर्लीनशी हात मिळवला. "मिसेस टेस्के, मी तुमचं चित्रीकरण दोनदा बघितलं. माझ्या बापाने असं खेळलेलं नाही."

"बाप खेळायचा तुमचा?"

"नाही. गाई सांभाळायचा."

"मग बरोबर आहे," आर्लीन म्हणाली, आणि डॉना एवढी हसली की तिच्या हातातली कॉफी सांडली.

ग्लेनने खिशातून मोजायची टेप काढून काचेला लावली. "चित्र कडेपासून बरंच आत आहे."

"आहेच. मी केलंय," मी म्हणालो.

"म्हणजे कबूल करताय?"

"कबूल काय करायचं त्यात, कोंबडी चोरली का? तिला दिसत नव्हतं, दिसेल असं केलं. चष्मेवाला तेच करतो, त्याला धरता का?"

"त्यांचं म्हणणं, चित्र लहान असलं की डोळा कमी फिरवावा लागतो. फायदा होतो."

मी म्हणालो, "या इकडे. उभे राहा गेमसमोर, खेळता तसे." राहिला. हात सरळ, डोकं कुठल्या कुठे वर. "आता आर्लीन, तू राहा." ती राहिली. तिचं नाक काचेला लागायचं तेवढं बाकी. "सांगा आता, कोणाचा डोळा काचेपासून लांब? लांबून बघणाऱ्याला चित्र लहान दिसतं की मोठं?"

ग्लेन परत उभा राहिला. गुडघे वाकवून आर्लीनच्या उंचीला आला, परत सरळ झाला. असं त्याने तीन वेळा केलं. बारमध्ये बसलेल्या एकाला वाटलं हा व्यायाम करतोय.

"म्हणजे मला कायमच लहान दिसतं," तो शेवटी म्हणाला.

"दिसतं ना? मग काढा तुमचे गुण यादीतून."

तो माणूस रागावला नाही. म्हणाला, "हे मी त्यांना सांगतो," आणि काउंटरवर फोन ठेवून त्याने तुम्हाला लावला, सगळ्यांना ऐकू येईल असा.

तुमच्यातला जो कोणी बोलला त्याने नाव सांगितलं नाही. ग्लेनने उंचीचं सगळं नीट मांडलं. तुमचा आवाज म्हणाला, "नियमात उंचीचा उल्लेख नाही."

"चित्राच्या आकाराचा आहे का?" मी ओरडलो.

"यंत्र मूळ अवस्थेत हवं."

"मूळ म्हणजे केवढं?"

तुमचा आवाज म्हणाला, "काचभर."

काचभर! हा शब्द तुम्ही त्या क्षणी बनवलात. मी पैजेवर सांगतो. तुमच्या नियमांत तो नव्हता, मी त्या आधी सगळे वाचले होते.

ग्लेनच म्हणाला, "असं कसं? आपल्या मिल्वॉकीच्या हॉलमधल्या पोलर रनच्या काचेवर जुनी अक्षरं भाजलेली आहेत, बंद असतानाही दिसतात. गेमचं नाव दोनदा उमटलंय, एक मोठं आणि त्याच्या आत एक लहान. म्हणजे आपलंच यंत्र काही वर्षं एका आकारात चाललं आणि काही वर्षं दुसऱ्या. यादीतले निम्मे गुण त्या यंत्रावरचे आहेत. कुठल्या आकारावरचे?"

"ग्लेन, तुम्हाला तपासणीसाठी पाठवलंय."

ग्लेनचे कान लाल झाले.

मग तुम्ही उपकार केल्यासारखं सांगितलंत. बाईंची इच्छा असेल तर आत्ता, ग्लेनच्या देखत, चित्र काचभर करून पुन्हा खेळू दे. तेवढे गुण झाले तर मान्य.

"नाही," मी म्हणालो. "यंत्राला सोसणार नाही. ट्रान्झिस्टर आधीच म्हातारे आहेत."

"वाढव," आर्लीन म्हणाली.

"आर्लीन, ऐक माझं. कडेचं तुला काही दिसणार नाही, आणि वर यंत्र जळेल."

"डॉक्टर काय म्हणाला ते तुला माहीत आहे. हिवाळ्यापर्यंत उरलेली नळी अजून अरुंद होणार. मग हे गुण मी परत कधी करणार? पुढच्या जन्मी?"

"गुण झालेत तुझे! एकदा झालेत! हे कोण टिकोजीराव आले परत मागणारे?"

"मला तू ओरडून काय उपयोग? त्यांच्यावर ओरड." मग आवाज खाली आणून म्हणाली, "डेल, मी गावात तोंड दाखवते रे रोज. त्या माशांच्या टेबलावर बसते. लबाड म्हणून बसू?"

पण मी हात लावायला नकार दिला. मागचं दार उघडून दिलं, पेच दाखवले आणि हाताची घडी घालून बाजूला झालो. ग्लेनने माझ्याकडे बघितलं, फोनकडे बघितलं आणि गुडघ्यांवर बसून आत हात घातला. बिचाऱ्याचं अंग आत मावेना.

समोर कोण उभं राहिलं माहीत आहे? तुम्ही. डॉनाने ग्लेनचा फोन काचेसमोर धरला, कॅमेरा चालू करून, आणि तुमचा आवाज त्यातून यायला लागला.

"अजून."

ग्लेनने फिरवलं.

"अजून. उजवीकडे काळं दिसतंय."

"सर, कडेला लागलंय आता," ग्लेन आतून म्हणाला.

"मला इथून काळं दिसतंय. अजून."

मी बघत होतो. चित्र काचेभोवतीच्या चौकटीच्या आत गेलं, पुठ्ठ्याच्या मागे. वरच्या कोपऱ्यातला गुणांचा आकडा अर्धा दिसेनासा झाला. अहो, ज्या गुणांसाठी हा सगळा तमाशा, ते गुणच झाकले गेले! मी म्हणालो तसं. डॉनाही म्हणाली. तुम्ही म्हणालात, "ग्लेन वाकून वाचतील. बस्स."

आर्लीनने नाणं टाकलं.

पहिलं जहाज लगेच गेलं. डावीकडून खंड आला, तिला दिसला नाही. तिने ओठ आवळले. दुसऱ्या जहाजाला तिने मान हलवायला सुरुवात केली, चिमणी बघते तशी, टक टक, डावीकडे, उजवीकडे, वर, आणि जिथे बघत नव्हती तिकडेही बटण मारायला लागली, आठवणीवर. चाळीस वर्षं खेळलीय ती. खंड कोणत्या वेळेला कुठून येतो ते तिच्या बोटांत आहे. लोक गोळा झाले. पट्ट्यांवरचे चेंडू थांबले. आणि ती चढायला लागली. खरंच चढायला लागली. ग्लेन चौकटीला गाल लावून झाकलेला आकडा वाचत होता, आणि त्याच्या तोंडावर मला जे दिसलं ते तुम्ही बघायला हवं होतं. पण तुम्ही फोनमध्ये होतात.

वास आधी माझ्या नाकात गेला. तापलेल्या धुळीचा, मग गोडसर, मग कडू.

"बंद करा!" मी म्हणालो.

"खेळ थांबवला तर प्रयत्न बाद," तुमचा आवाज.

आर्लीन थांबली नाही. मी प्लगकडे धावलो, आणि मी पोचायच्या आत काच काळी झाली. एकदम. रेघ नाही, ठिपका नाही, काही नाही. यंत्रात एक सोय असते. किरण फिरायचा थांबला की ती किरणच बंद करते, म्हणजे काच तरी भाजत नाही. तेवढी वाचली.

पण आवाज चालू राहिला. गेमची पाटी वेगळी, पडदा वेगळा. आत खेळ चाललाच होता. बर्फाची घरघर, तोफेची ठक ठक, आणि आर्लीनचे हात बटणांवर. माझा हात प्लगवर होता आणि तो मी ओढला नाही. काळ्या काचेसमोर ती खेळत राहिली. आता आम्हाला कोणालाच काही दिसत नव्हतं, एरवी तिला दिसतं त्यापेक्षाही कमी. खंड फुटल्याचा आवाज आला. परत आला. परत आला. मागून कोणीतरी "हाण!" म्हणालं. किती वेळ चाललं मी मोजलं नाही. मग जहाज फुटलं, आणि खेळ संपल्याची ती रडकी धून वाजली, आणि तिने हात खाली सोडले.

ग्लेन उठला. त्याच्या शर्टाला काळं लागलं होतं. "मिसेस टेस्के, मला माफ करा."

"तो फोन बंद कर आधी," ती म्हणाली.

पण तुमचं बोलणं राहिलं होतं. "शेवटचे गुण दिसले नाहीत. प्रयत्न अपूर्ण. शिवाय यंत्र सदोष असल्याचं सिद्ध झालं, त्यामुळे त्यावरचा आधीचा प्रयत्नही ग्राह्य धरता येणार नाही." असं तुम्ही म्हणालात. शब्द न शब्द. डॉनाने फोन असा काही बंद केला की मला वाटलं काच फुटली.

बघा म्हणजे काय केलंत. यंत्र तुम्ही जाळलंत, आणि जळलं म्हणून तिच्यावर ठपका ठेवलात. आमच्या रिवाजाने दोष समोर उभं राहून "अजून" म्हणणाऱ्याचा. तो आवाज तुमचा होता, बोलिंग हॉलभर लोकांनी ऐकला. ग्लेनवर ढकलू नका. त्याला मागून दिसत नव्हतं.

मी यंत्र दुरुस्त केलं. भाजलेले ट्रान्झिस्टर काढले, आयोवातल्या एका माणसाच्या तळघरातून जुने मिळवले, आणि वाट बघण्यात उन्हाळा गेला. चालू झालं तेव्हा आर्लीन समोर उभी राहिली आणि मी मागे बसलो. या वेळी ती "बस्स" म्हणाली तेव्हा मी पुढे येऊन बघितलं. चित्र एवढंसं होतं की एका पसरलेल्या पंजाखाली मावलं असतं. हिमखंड म्हणजे मीठ सांडल्यासारखे. ती तरीही रोज येते, एक कॉफी घेते आणि खेळते, आणि कधी बरी खेळते, कधी नाही. पण वसंतातले गुण तिच्याकडून परत होणार नाहीत. तिला माहीत आहे, मला माहीत आहे. म्हणजे तो लेंटमधला शुक्रवार आहे तेवढाच तिच्याजवळ आहे, आणि तो तुम्ही तुमच्या कपाटात दाबून ठेवलाय.

ग्लेनने मागच्या महिन्यात तुमच्या हॉलमधल्या यंत्राला टेप लावायची परवानगी मागितली. तुम्ही दिली नाहीत. का दिली नाहीत? काचभर असेल तर टेपला भ्यायचं कशाला?

मी आता यंत्राच्या मागे बसायला तयार आहे, तुमच्यासाठीसुद्धा. पण फोनवर "अजून" चालणार नाही. आकडा द्या. या गेमचं चित्र किती इंचांचं असलं म्हणजे खरं, आणि किती इंचांखाली गेलं म्हणजे लबाडी, ते लिहून द्या, आणि ती पट्टी यादीतल्या प्रत्येक नावाला लावा, पहिल्यापासून, ग्लेनच्या देखत. नसेल आकडा, तर आर्लीन टेस्केचं नाव सगळ्यात वर लिहा, आणि लवकर लिहा, ते तिचं तिला वाचता येतंय तोवर.

बोला. किती इंच?